हँगरमधील पारवे आणि साळुंक्या : कायमचा बंदोबस्त कसा करावा?

प्रश्नकर्ता : हँगर_विदर्भ

नमस्कार मंडळी. मी एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेत देखभाल अभियंता म्हणून काम करतो. आमचा विमानतळ लहान आहे आणि हँगर जुन्या बांधणीचा आहे : अँगलच्या लोखंडी कैच्या (छताला आधार देणारे सांगाडे), वर पत्रा, समोर सरकते दरवाजे आणि त्या दरवाजांच्या माथ्यावर हातभर उघडी फट. आत मुख्यतः सेस्ना १७२ जातीची विमाने उभी असतात. उन्हाळ्यात पत्रा इतका तापतो की दरवाजे दिवसभर उघडे ठेवल्याशिवाय आत काम करणे अशक्य होते, त्यामुळे पक्ष्यांना अटकाव असा कोणताच उरत नाही.

कैच्यांवर पारव्यांनी ठाण मांडले आहे. सकाळी पंखांवर, पुढच्या काचेवर आणि शेपटीवर विष्ठेचे थर दिसतात, आणि पहिल्या उड्डाणापूर्वीचा बराच वेळ धुण्यापुसण्यातच जातो. साळुंक्यांचे प्रकरण मला त्याहून गंभीर वाटते. अलीकडेच दैनंदिन तपासणीत एका विमानाच्या काऊलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात), मागच्या सिलिंडरच्या पंख्यांवर, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांवर, सुके गवत, सुतळीचे धागे आणि प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा यांचे अर्धवट घरटे सापडले. ते विमान आदल्या दुपारी उडून आलेले होते. हँगरच्या मागच्या कोपऱ्यात गव्हाणी घुबडांची एक जोडीही आहे; तिचा त्रास काही नाही, पण काही सहकाऱ्यांना ती अशुभ वाटते आणि ती हलवावी असा त्यांचा आग्रह आहे.

प्लास्टिकचे घुबड, लटकवलेल्या चकचकीत तबकड्या आणि व्यवस्थापनाने मोठ्या हौसेने आणलेले अल्ट्रासॉनिक यंत्र, हे सर्व करून झाले. सध्या त्या प्लास्टिकच्या घुबडाच्या डोक्यावर पारवे बसतात. आता जाळीचा विचार चालू आहे. जाळी कोणत्या मापाची असावी, ती लागेपर्यंत विमाने कशी राखावीत आणि घरटी वा अंडी काढणे कायद्यात बसते का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. व्यवस्थापनातील एक गट 'दाण्यात औषध घाला आणि मोकळे व्हा' असे म्हणतो; त्यांना काय सांगावे, हेही सुचवावे.

उत्तर १ : निवृत्त_स्पॅनर

माझी सारी नोकरी मुंबईत मोठ्या विमानांच्या हँगरमध्ये झाली आणि निवृत्तीनंतर काही काळ लहान विमानांचेही काम पाहिले, त्यावरून लिहितो. आपण पारवा आणि साळुंकी यांचा त्रास एकाच वाक्यात मांडला आहे, पण उपाय ठरवताना हे दोन प्रश्न वेगळे करावे लागतील. पारव्याला सपाट कड हवी असते. कैचीचा आडवा अँगल, आय-बीमची खालची पट्टी, दिव्याचा खोका, केबल-ट्रेची पाठ. साळुंकीला आणि चिमणीला भोक हवे असते. पत्र्याच्या नाळीचे उघडे तोंड, पाइपाचे टोक आणि, दुर्दैवाने, विमानाची काऊलिंग. पक्षी हाकलण्यात वर्षे जातात. कड किंवा भोक काढून घेतले की तो आपोआप दुसरीकडे जातो.

जाळीला निविदा, मंजुरी, ठेकेदार असे सोपस्कार लागतील; विमाने मात्र आजपासून राखायला हवीत. सेस्ना १७२ चे इंजिन हवेने थंड होणारे आहे, हे आपल्याला सांगायला नको. प्रोपेलरच्या दोन्ही बाजूंच्या तोंडांतून आत आलेली हवा बॅफलमुळे (हवा वळवणाऱ्या पत्र्यांमुळे) सिलिंडरच्या पंख्यांमधून खाली ढकलली जाते. तेथे मूठभर गवत बसले तर त्या एका सिलिंडरचे तापमान वाढते, आणि तापमापक दुसऱ्या सिलिंडरवर असेल तर वैमानिकाला त्याचा पत्ताही लागत नाही. तेच गवत एक्झॉस्टच्या नळीला टेकले तर आग लागू शकते. म्हणून विमान आत आले आणि इंजिन हाताला सोसेल इतके निवाले की दोन्ही तोंडांना फोमचे प्लग बसलेच पाहिजेत. 'जेवण झाल्यावर लावू' हे चालणार नाही, कारण साळुंकीचे जोडपे तेवढ्या अवधीत चोचीचोचीने बरेच गवत आत नेते. दोन्ही प्लग लाल दोरीने एकमेकांना बांधावेत आणि ती दोरी प्रोपेलरच्या पुढून आणावी, म्हणजे प्लग चुकून राहिले तरी डोळ्यांत भरतात. विमानाचा वेग मोजणाऱ्या पिटो नळीला टोपण, इंधन टाकीच्या व्हेंटवर (हवेच्या छिद्रावर) लक्ष, आणि शेपटीकडे एलेव्हेटर व रडर या हलत्या पट्ट्यांच्या सांध्यांतील फटींत टॉर्च मारून पाहणे हे तपासणीच्या कागदावर स्वतंत्र ओळ म्हणून यावे. तेल ओतण्याच्या झडपेतून डोकावले म्हणजे इंजिन पाहिले, असे बरेच विद्यार्थी समजतात. त्या झडपेतून मागचे सिलिंडर नीट दिसत नाहीत. शंका असेल तर काऊलिंग उतरवावी.

टोपणाला क्षुल्लक समजणाऱ्यांना मी बिर्गेनएअर या विमान कंपनीच्या बोइंग ७५७ ची आठवण करून देत असे. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधील प्वेर्तो प्लाता येथून निघालेले ते विमान काही मिनिटांत समुद्रात कोसळले आणि १८९ जण गेले. वेगाची एक नोंद चुकीची येत होती, आणि त्यामागे पिटो नळीत कुंभारमाशीने केलेले मातीचे घर असावे, हे सर्वांत संभाव्य कारण मानले गेले. विमान कित्येक दिवस टोपणाविना उभे होते. तेथे गुन्हेगार पक्षी नव्हता, कीटक होता. पण उघडे ठेवलेले भोक कोणीतरी वापरतेच, एवढे त्यातून कळते. आपल्याकडे कुंभारमाशा काही कमी नाहीत.

विषाबद्दल एकच सांगतो. विष खाल्लेला पारवा हँगरमध्ये मरत नाही. तो उडून धावपट्टीकडे, गवतात, कोठेही पडतो. मग मेलेल्या पारव्यावर घारी आणि कावळे उतरतात. म्हणजे हँगरातील किरकोळ त्रास आपण उड्डाणमार्गात नेऊन ठेवतो, तोही पारव्याहून वजनदार पक्ष्याच्या रूपाने. व्यवस्थापनाला कायद्याची भीती वाटत नसेल, तर इंजिनाच्या किमतीची वाटेल.

उत्तर २ : माळरान

मी हौशी पक्षिनिरीक्षक आहे आणि वनखात्याच्या पक्षिगणनेत काम करतो. विमानांतले मला काही कळत नाही, पण पक्षी आणि कायदा यांविषयी लिहितो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यामध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. रानपक्ष्यांची अंडी नष्ट करणे आणि अंडी वा घरट्यांना बाधा पोहोचवणे हेही तीत येते. इंटरनेटवर अजून फिरणाऱ्या जुन्या याद्यांवर मात्र विसंबू नये. जुन्या अनुसूची ४ मध्ये पारव्याला वगळलेले होते आणि कावळ्यासाठी 'उपद्रवी प्राण्यां'ची स्वतंत्र अनुसूची ५ होती. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणीच बदलली आणि ती पाचवी अनुसूची गेली. मालमत्तेला किंवा मानवी जीविताला धोका असेल तेव्हा परवानगी देण्याचे अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांकडे असतात. तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या उपवनसंरक्षकांना छायाचित्रांसह पत्र द्यावे आणि मानद वन्यजीव रक्षकांना एकदा हँगर दाखवावा, हा सरळ मार्ग आहे. विमानाच्या आत घरटे होऊच न देणे यात कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही. प्रश्न येतो तो अंडी घातल्यानंतर. म्हणून वरच्या उत्तरातील प्लगचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

एक सावधगिरीची सूचना. अमेरिकेतील हँगरमालकांच्या चित्रफिती पाहून आपल्याकडेही काही जण छर्‍याच्या बंदुकीची भाषा करतात. तेथे पारवा, घरचिमणी आणि युरोपीय स्टारलिंग हे बाहेरून आणलेले पक्षी असल्याने स्थलांतरित पक्ष्यांच्या त्यांच्या कायद्याचे संरक्षण त्यांना नाही. आपल्याकडे पारवा, चिमणी आणि साळुंकी येथलीच आहेत. तो उपाय येथे लागू पडत नाही, आणि पत्र्याला भोके पडतात ती वेगळीच.

हंगामाचा विचार करून काम आखावे. साळुंकीची वीण मुख्यतः उन्हाळा आणि पावसाळ्यात होते, त्यामुळे पत्र्याच्या नाळी आणि पाइपांची टोके दिवाळीनंतर बंद करणे सर्वांत सोयीचे. पारव्याचे मात्र असे नसते. तो आपल्याकडे बाराही महिने घरटे करतो. बहुधा दोन अंडी, अठरा दिवसांच्या आसपास उबवण, आणि पिल्ले साधारण महिन्याभरात उडतात. नुसती अंडी काढली तर तीच जोडी त्याच कडेवर थोड्या दिवसांत पुन्हा अंडी घालते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जाळीपूर्वी प्रत्येक कैची शिडी लावून पाहावी, जेथे पिल्ले आहेत तो खण शेवटी घ्यावा.

आता घुबडांविषयी. गव्हाणी घुबड उंदीर खाते, आणि केबल कुरतडणारे उंदीर हा हँगरचा स्वतंत्र शत्रू आहे, त्यामुळे आपले सहकारी ज्या पक्ष्याला अशुभ म्हणतात तो बहुधा फुकट चाकरी करत असावा. घुबड असले की पारवे पळतात, हा समज मात्र खरा नाही. एकाच पत्र्याखाली दोघे वर्षानुवर्षे राहतात. त्याच वेळी हेही खरे की गव्हाणी घुबड संध्याकाळी गवतावरून अगदी कमी उंचीवर उडत शिकार करते आणि विमानतळावर विमानांना धडकणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होते. म्हणून विमानतळाच्या हद्दीत त्याच्यासाठी पेटी लावण्याचा सल्ला मी देणार नाही. पिल्ले असतील तर ती पूर्ण उडेपर्यंत, म्हणजे दोनएक महिने, कोपरा तसाच ठेवावा आणि मग वनखात्याला विचारून तो बंद करावा. दिवाळीच्या सुमारास घुबडांची चोरटी पकड होते, तेव्हा ही जोडी कोठे आहे याची वाच्यता बाहेर करू नये.

उत्तर ३ : मिडलँड्सकर

मूळचा सातारचा, सध्या इंग्लंडमध्ये एका देखभाल हँगरात काम करतो. येथे जाळीची मापे ठरलेली आहेत : पारव्यासाठी ५० मि.मी., स्टारलिंगसाठी २८ आणि चिमणीसाठी १९. साळुंकी स्टारलिंगच्याच कुळातली आणि अंगाने थोडी मोठी असल्यामुळे २८ ची जाळी तिला पुरेल, पण त्यातून चिमणी सहज जाते. चिमण्यांचा त्रास फारसा नसेल तर १९ च्या मागे लागू नये; तिचे वजन आणि तिच्यावर साठणारी धूळ दोन्ही जास्त. सज्जाला लावतात तसली पारव्याची जाळी आणून बसवली, तर पारवे थांबतील आणि साळुंक्या मजेत ये-जा करतील, एवढे ठेकेदाराला बजावावे.

अल्ट्रासॉनिक यंत्र परत देता येत असेल तर द्यावे. बहुतेक पक्ष्यांना १० किलोहर्ट्झच्या पुढचे फारसे ऐकूच येत नाही आणि अल्ट्रासाउंड २० च्या वर सुरू होतो. भेदरलेल्या पक्ष्यांचे आवाज ध्वनिक्षेपकावर लावण्याचा उपाय बाहेर, उघड्या मैदानावर, बदलत्या वेळी केला तर चालतो. हँगरात पक्षी त्याला लवकरच सरावतात आणि माणसे वैतागतात. हिरव्या लेझरचा हल्ली गाजावाजा आहे. घासून चमकवलेल्या पत्र्यावरून आणि काचांवरून परावर्तित होणारा किरण कोणाच्या डोळ्यांत जाईल याचा नेम नाही, आणि विमानतळाजवळ लेझर लावणे हा परवानगीचा विषय आहे. येथे काही ठिकाणी शिकवलेले ससाणे फिरवतात; भारतात शिकारी पक्षी संरक्षित असल्याने तो मार्ग बंदच समजावा.

आत अडकलेला एखादा पक्षी बाहेर काढायचा असेल तर त्याच्यामागे झाडू घेऊन धावू नये. घाबरला की तो वरच जातो. सूर्य मावळण्याच्या थोडे आधी आतले सगळे दिवे बंद करावेत, पश्चिमेकडचा एकच दरवाजा पूर्ण उघडावा आणि सर्वांनी बाहेर चहाला जावे. उजेडाच्या दिशेने तो निघून जातो.

उत्तर ४ : फॅब्रिकेटर_एमआयडीसी

मी औद्योगिक शेडची कामे करतो आणि जाळीचीही केली आहेत. वर सर्वांनी जाळीला पसंती दिली आहे, माझे मत थोडे वेगळे आहे. विमानाच्या डोक्यावर टांगलेली प्रत्येक वस्तू एके दिवशी खाली येऊ शकते. जाळीच्या क्लिपा, तुटलेला वायर-रोप, चिकटवलेले काटे हे सारे खाली पडले की विमानासाठी परका पदार्थच. काट्यांच्या पट्ट्या तर मी अशा जागी लावत नाही. उन्हाने गोंद सुटतो, आणि घरटे करायचेच ठरवलेला पारवा त्याच काट्यांत काड्या अडकवून पक्के घर बांधतो.

शक्य असेल तेथे कडच तिरकी करावी. आय-बीमच्या खालच्या पट्टीवर आणि रुंद आडव्या अँगलवर पत्र्याची पन्हळ ४५ अंशांहून अधिक उताराने, रिव्हेट मारून बसवली की पारव्याचा पाय ठरत नाही आणि पुढची कित्येक वर्षे तिच्याकडे पाहावे लागत नाही. नवा हँगर बांधणाऱ्यांनी अँगलऐवजी गोल पाइपाच्या कैच्या घ्याव्यात. जुन्या हँगरात मात्र कैच्यांची गुंतागुंत इतकी असते की सगळीकडे पन्हळ बसत नाही, आणि तेथे जाळीच करावी लागते, हे मान्य.

जाळी करायचीच तर आधी कैच्या धुऊन घ्याव्यात. वर्षानुवर्षांची वाळलेली विष्ठा वर ठेवून खाली जाळी ताणली, तर तिची भुकटी विमानांवर गळतच राहते. त्या काळात विमाने बाहेर काढावीत. जाळी यूव्ही-रोधक पॉलिथिनची, गाठींची असावी, कडेने जस्ताच्या किंवा स्टेनलेस वायर-रोपला जोडलेली आणि टर्नबकलने (पिळून ताण देणाऱ्या स्क्रूने) ताणलेली. एक अखंड चादर न करता प्रत्येक खणाची वेगळी करावी, म्हणजे एक फाटली तरी बाकीच्या टिकतात. शेवटचा खण बंद करण्यापूर्वी अंधार पडताना वर कोणी राहिले नाही ना हे पाहावे. जाळीच्या वर अडकून मेलेला पारवा काढणे हे फार वाईट काम आहे. ज्वाला-शोधक किंवा फवारा-यंत्रणा असेल तर विमानतळाच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना आराखडा आधी दाखवावा, कारण ही जाळी आगीत वितळून खाली ठिबकते.

पत्र्याच्या नाळींना फोमचे साचेबंद तुकडे मिळतात, ते नुसते न खोचता बाहेरून पत्र्याची पट्टी मारावी, नाहीतर साळुंकी ते उकरून काढते. छतावरचे फिरते व्हेंटिलेटर असतील तर त्यांच्या गळ्यात १२ मि.मी. ची जस्ताची वेल्ड-मेश बसवावी.

उत्तर ५ : श्वास_नि_श्वास

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांचा वाद पेटला तेव्हा पारव्यांच्या विष्ठेविषयी बरेच बोलले गेले. काही अतिरंजित होते, पण गाभा खरा आहे. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासात गेली तर काही जणांना फुप्फुसांचा अतिसंवेदनशील दाह होतो, आणि तो वर्षानुवर्षे चालू राहिला तर फुप्फुसे कायमची आखडतात. क्रिप्टोकोकस नावाची बुरशीही या विष्ठेत वाढते; प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ती घातक ठरू शकते. आपल्याकडे सकाळी विमाने पुसणारे मदतनीस बहुधा तोंडाला रुमाल बांधून काम करत असतील. रुमाल पुरत नाही. एन-९५ मुखपट्टी आणि हातमोजे द्यावेत, विष्ठा पाण्याने पूर्ण भिजल्याशिवाय खरवडू नये, आणि कॉम्प्रेसरची हवा मारून ती कधीही उडवू नये. कोणाला महिनोन्‌महिने कोरडा खोकला आणि जिना चढताना दम लागत असेल, तर कामाचे स्वरूप सांगून तपासणी करून घ्यावी.

प्रश्नकर्ता : हँगर_विदर्भ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्लगांचा नियम उद्यापासूनच लावतो, आणि उपवनसंरक्षकांना द्यायच्या पत्राचा मसुदा तयार केला आहे. दोन शंका राहतात. आमच्याकडे इंजिन उतरवण्यासाठी कैचीला टांगलेला चेन-होइस्ट आहे, तेथे जाळी कशी घ्यावी? आणि पुढच्या काचा ॲक्रिलिकच्या असल्याने विष्ठा काढताना ओरखडे येतात, त्यावर काय करावे?

उत्तर : निवृत्त_स्पॅनर

काचेचे मी सांगतो. कोरडे फडके काचेला लावूच नये, कारण विष्ठेत वाळूचे कण असतात. ओले मऊ कापड विष्ठेवर काही मिनिटे ठेवावे, मग भरपूर पाणी सोडून ते हातानेच हळू सरकवावे, म्हणजे कण जाणवतात. घरच्या काचा पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव अजिबात नकोत, त्याने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. धातूच्या भागांवर उत्पादकाच्या देखभाल पुस्तिकेत दिलेलेच क्लीनर वापरावे, आणि विष्ठा रात्रभर राहिली असेल तर धुतल्यावर रंग उचलला गेला आहे का ते पाहावे. तिच्यातील युरिक आम्ल आणि क्षार ओलावा धरून ठेवतात, आणि रंगाखालच्या ॲल्युमिनियमला गंज तेथूनच धरतो. रात्री काचेवर आणि पंखांवर कापडी आच्छादन घालावे, ते सर्वांत स्वस्त. मात्र आच्छादनाची आतली बाजू स्वच्छ हवी.

उत्तर : फॅब्रिकेटर_एमआयडीसी

होइस्टच्या खणात जाळीला चेनची सरळ चीर ठेवून तिला जाड झिप लावतात. काम नसताना झिप बंद. दिव्यांच्या खालीही अशीच झिप द्यावी, नाहीतर पहिला दिवा बदलताना वीजतंत्री जाळी कापतो आणि पुढे ते भोक कोणी शिवत नाही. दरवाजांच्या माथ्यावरील फटीला नायलॉनचा लांब केसांचा ब्रश बसवावा. दरवाजा सरकताना तो वाकतो आणि पक्ष्याला आत घुसू देत नाही. निविदा काढताना झिपांची ठिकाणे नकाशावर दाखवावीत, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर ठेकेदाराने सर्व टर्नबकल पुन्हा ताणून, प्रत्येक क्लिप मोजून द्यावी, ही अट अंतिम देयकाशी जोडावी.